पाहुणे येऊन राहिले

विकसनशील देशात कसं राहावं, याचं दोन दिवसांचं रीतसर प्रशिक्षण मी घेतलेलं आहे. प्रमाणपत्र आहे माझ्याकडे. त्यावर माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलंय, पण शिक्का अगदी सरळ उमटलाय.

आता, मी जन्मलो पुण्यात. वाढलो पुण्यात, शिकलो पुण्यात, गणितात नापास झालो तोही पुण्यातच. पण त्यानंतरची सव्वीस वर्षं जर्मनीतल्या एका लहानशा गावात विमानांचे सुटे भाग तपासण्यात गेली. एक दिवस कंपनीनं विचारलं, नागपूरला विमानतळाजवळच्या मिहान वसाहतीत आपलं काम सुरू होतंय, दोन वर्षं जाशील का? मी हो म्हटलं. युरोपाबाहेर राहायला जाणाऱ्या प्रत्येकाला प्रशिक्षण सक्तीचं होतं, आणि त्यांच्या फॉर्मवर ‘हा माणूस मुळात तिथलाच आहे’ असा रकाना नव्हता. तेव्हा बारा गोऱ्यांबरोबर मीही भारतात कसं राहावं हे शिकायला बसलो. खोटं कशाला सांगू, सगळ्यांत जास्त टिपणं मीच काढली. पहिल्या बाकावर बसायची सवय, ती काही जात नाही.

शिकवणाऱ्या बाई कधीतरी तीन आठवडे कुठल्याशा उष्ण देशात राहून आल्या होत्या आणि त्या तीन आठवड्यांवर अजून चिडलेल्या होत्या. त्यांनी सांगितलं, सीलबंद बाटलीतलंच पाणी प्या. टॉर्च उशाशी ठेवा. कोणी वेळ दिली तर ती मनावर घेऊ नका. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, तिथल्या चालीरीती कितीही चमत्कारिक वाटल्या तरी चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. हसा आणि मान हलवा. हे शेवटचं वाक्य मी वहीत खाली दोन रेघा मारून ठेवलं. पुढे जे झालं त्यात त्या दोन रेघांचा वाटा मोठा आहे.

बायको नोकरीमुळे तिकडेच राहणार होती. माझ्या बॅगेतला टॉर्च, मच्छरदाणी, पाणी गाळायची नळी आणि कमरेला बांधायचा चोरकप्प्याचा पट्टा बघून ती म्हणाली, “नागपूरला चाललायस की ध्रुवावर?”

“मी नागपूर पाहिलेलं नाहीये,” मी म्हटलं. आणि ते खरंच होतं. पुण्याच्या माणसानं जर्मनी पाहिलेली असते. नागपूर नाही.

तर मार्च संपता संपता मी नागपुरात उतरलो. पहिला धक्का मेट्रोचा. इतकी स्वच्छ, इतकी वेळेवर, की मला काहीतरी गडबड वाटली. आमच्या जर्मन गावातली गाडी वेळेवर आली तर लोक फोटो काढतात. इथे मी आपला कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा, आणि शेजारच्या आजोबांनी उठून मला जागा दिली. त्यांना वाटलं माझ्या पोटात दुखतंय. टॉर्चचंही तसंच. पहिले पंधरा दिवस तो उशाशी घेऊन मी रोज निजलो, आणि पंधरा दिवसांत वीज एकदाही गेली नाही. शेवटी मलाच वाईट वाटून मी तो उगाच दोन मिनिटं लावून बघितला.

मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेलो ते घर एका काका-काकूंचं. काकांचं इतवारीत भांड्यांचं दुकान. ठोक व्यापार, त्यामुळे काका घरीसुद्धा डझनाच्या हिशोबातच बोलत. काकू माझ्यापेक्षा जेमतेम दहा-बारा वर्षांनी मोठ्या, पण त्यांना काकूच म्हणावं असा त्यांचा एकंदर रुबाब होता. मला त्या पहिल्या मिनिटापासून ‘भाऊ’ म्हणू लागल्या. पहिल्या मिनिटाला त्यांनी मला तांब्याच्या पेल्यात पाणी दिलं आणि दुसऱ्या मिनिटाला मी खिशातून ती गाळायची नळी काढून, पेल्यात बुडवून, पाणी ओढून प्यालो.

काकू बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “भाऊ, दाताचा त्रास आहे का तुमाले?”

मी हसलो आणि मान हलवली. प्रशिक्षण! परिणामी तीन दिवस मला खालून मुगाची मऊ खिचडी आली.

खरी अडचण पाण्याची नव्हती, विजेची नव्हती. ती भाषेची होती, आणि ती अडचण आहे हेच मला कळलं नव्हतं. मराठी आपलीच, असं समजून मी निर्धास्त. भाजीवाल्या बाईंनी विचारलं, “सांबार टाकू का पिशवीत?” मी म्हटलं, नको, मी इडल्या करत नाहीये. मागे उभ्या असलेल्या चार बायका माझ्याकडे बघून एकदम गप्प झाल्या. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं. मग मी एक वही केली. जर्मन शिकताना केली होती तशीच. डावीकडे नागपुरी, उजवीकडे अर्थ. काहून म्हणजे का. हाव म्हणजे हो. पोट्टी म्हणजे मुलगी, आणि ही शिवी नव्हे, लाड आहे.

त्या वहीत मी एक नियमही शोधून काढला होता, आणि त्याचा मला फार अभिमान होता. इथले लोक सारखं ‘करून राहिलो’, ‘जेवून राहिलो’ असं म्हणतात. मी पुण्याचं डोकं लढवलं. करून राहिलो, म्हणजे काम करून झालं आणि आता माणूस नुसताच राहिलाय. रिकामा! वहीत लिहिलं: ‘-ऊन राहिलो = उरकून मोकळा झालो’. या नियमानुसार सहकारी फोनवर “सर, जेवून राहिलो” म्हणाला की मी खुशाल अर्धा तास कामाचं बोलायचो. तो बिचारा तोंडात घास धरून हूं हूं करायचा. काकू म्हणायच्या, “स्वयंपाक करून राहिली, भाऊ,” की मी त्यांना मोकळ्या समजून गप्पा मारायला स्वयंपाकघराच्या दारात जाऊन टेकायचो. त्यांची फोडणी करपायची. मला वाटायचं, यांना स्वयंपाक उरकल्यावर पुन्हा शिजवायचा छंद दिसतोय. त्या काही बोलायच्या नाहीत. भाडेकरू सव्वीस वर्षं परदेशात होता, त्याचं असंच असणार, असं त्यांनी स्वतःला समजावलं असावं.

या घरात एक मुलगी. बत्तीस वर्षांची, जनावरांची डॉक्टर. रोज सकाळी स्कूटीच्या पुढ्यात गमबूट ठेवून शहराबाहेरच्या दवाखान्यात जायची. तिचं लग्न हा घरातला न बोलता बोलला जाणारा विषय होता. एका संध्याकाळी जिन्यात भेटली तेव्हा तीच म्हणाली, “काका, शनिवारी वर्ध्याहून पाहुणे येणार आहेत.”

“पाहायला?”

“पाहायला काय, आम्ही दोन महिने फोनवर बोलून राहिलो. आतापर्यंत चार जण येऊन गेले. एकाच्या आईनं विचारलं, घरी आल्यावर हात कशानं धुता? एकानं विचारलं, कुत्र्या-मांजरांचंच करता येणार नाही का, गाई-म्हशींचं कशाला? अन् यानं पहिल्या फोनवर काय विचारलं माहिती आहे? म्हणाला, तुम्ही मघाशी सांगत होतात ती म्हैस वाचली का?” ती हसली. “मले हाच पाहिजे, काका.”

“मग अडचण काय?”

“त्याचे बाबा. आई लहानपणीच गेली, बाबांनी एकट्यानं वाढवला त्याले. बाबा नाही म्हणाले तर तो त्यांना दुखवून काही करणार नाही. अन् मीही त्याले तसं करू देणार नाही. त्यांना घर पटलं पाहिजे, बस.”

मी तिला धीर दिला. म्हटलं, घर पटेलच. न पटण्यासारखं या घरात आहे काय? त्या वेळी मी स्वतःला धरलं नव्हतं.

शनिवार उजाडला तोच तापलेला. पाहुणे चार वाजता यायचे होते. काकूंनी सकाळीच फराळाची ताटं लावून जाळीखाली झाकून ठेवली. एकच घोर होता, हॉलचा कूलर. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद म्हणजे पाहुण्यांना तव्यावर बसवण्यासारखं. हॉलच्या मागच्या खिडकीबाहेर ती पत्र्याची मोठी पेटी उभी होती. तिच्या जाळ्यांत भरलेलं गवत वाळून भुगा झालेलं आणि आतला पाणी चढवणारा पंप, ज्याला इथे टुल्लू म्हणतात, तो रुसलेला. कूलरवाल्यांना सांगून ठेवलं होतं, ते दुपारी कधीतरी येणार होते. एवढ्यात मुलीला फोन आला, कुठल्याशा गावात म्हैस अडलीय, रेडकू आडवं आलंय. “तीन वाजेपर्यंत येते, आई,” म्हणून ती गमबूट घेऊन गेलीसुद्धा. काका-काकू शिवायला टाकलेला ब्लाउज आणायला बर्डीच्या बाजारात गेले आणि खालची चावी माझ्याकडे ठेवून गेले.

दीडच्या सुमाराला काकूंचा फोन आला. मागून हॉर्न ऐकू येत होते.

“भाऊ, पाहुणे येऊन राहिले बाप्पा! चारचं म्हणाले होते अन् लवकरच निघाले. आम्ही इथं जाममधी अडकलो. तुम्ही खाली जाऊन त्याईले बसवजा, पाणी देजा, ताटं देजा. कूलरवाले आले तर त्याईले मागून धाडजा. अन् भाऊ, पोरीचं तुमाले माहीतच आहे. आमची इज्जत तुमच्या हातात आहे आता.”

येऊन राहिले! माझा नियम तोंडपाठ होता. आले, आणि राहिले. म्हणजे या क्षणी दारात ताटकळत उभे आहेत. मी गॅलरीतून खाली वाकून पाहिलं, आणि खरंच, फाटकाशी दोन माणसं उभी होती. एक पन्नाशीचे, एक तिशीचा. स्वच्छ शर्ट, कपाळावर घाम. शेजारी एक भलंमोठं पोतं, त्यातून वाळकं गवत बाहेर आलेलं.

त्या गवतावर मी क्षणभर अडखळलो, नाही असं नाही. पण मग लख्ख प्रकाश पडला. मुलगी जनावरांची डॉक्टर! दवाखान्यातल्या गाईगुरांसाठी भेट आणलीय. होणाऱ्या सुनेच्या कामाचा इतका विचार करणारी माणसं! माझे डोळे पाणावले. मी धावत खाली गेलो, फाटक उघडलं, पोतं स्वतः उचलून पायरीवर ठेवलं.

“या या, बसा. आत या. चपला राहू द्या.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “साहेब, आमी मागूनच जातो ना,” थोरले म्हणाले.

“छे! मागून कशाला? हे घर तुमचंच.”

सोफ्यावर ते अगदी कडेला टेकले. मी पाणी दिलं, जाळी काढून ताटं पुढे केली. चिवडा, करंज्या, संत्र्याची बर्फी. तिशीच्या गृहस्थानं बर्फीकडे पाहिलं, मग थोरल्यांकडे, आणि मग देवानं दिलं तर घ्यावं अशा चेहऱ्यानं खायला लागला. आता बोलणं माझ्याकडे होतं.

“मग, आज आणखी कुठे जाऊन आलात?” सहज विचारावं तसं मी विचारलं.

“सकाळपासून चार घरं पाहिली साहेब,” थोरले म्हणाले. “सीझन आहे ना.”

चार! मी हसलो आणि मान हलवली.

“कशी होती?”

“दोन तर हात लावण्यासारखी नव्हती. बाहेरून रंगरंगोटी, आतून सगळं सडेल. एक बरं होतं, पण आवाज लय करे.”

माझ्या कानशिलांत रक्त चढलं. पण दोन रेघा आठवल्या. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. ही इथली रीत असेल.

“आमच्या घरचं तसं नाही,” मी शक्य तितक्या थंडपणे म्हटलं.

“थे पाहिल्यावरच सांगता येते. किती वर्षांचं आहे?”

“बत्तीस.”

थोरल्यांच्या हातातली करंजी थांबली. “बत्तीस? बापा! मंग साहेब, मी तुमाले खरं सांगू का? इतक्या जुन्याले पैसे नका लावू. नवीन घ्या.”

सव्वीस वर्षं मी जर्मन लोकांचं तोंडावर बोलणं सहन केलंय, पण असं काही ऐकलं नव्हतं. मी काहीतरी बोलणार, एवढ्यात बेल वाजली.

दारात पुन्हा दोघं. एक साठीचे गृहस्थ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. मागे चष्म्यातला एक तरुण, बाही वर करत असलेला. आतल्या बत्तीस वर्षांच्या अपमानानं मी आधीच पेटलेलो, आणि आता हे कूलरवाले, तेही पुढच्या दारातून!

“किती उशीर!” मी म्हटलं. “आत पाहुणे उकडून निघालेत. इकडून नाही, मागून जा. घराला वळसा घाला, खिडकीपाशी कूलर आहे. पाणी सांडू नका.”

त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “हाव,” आणि वळून मागच्या बाजूला चालू लागले. तरुण “बाबा, अहो बाबा,” करत त्यांच्या मागे गेला. बापलेक मिळून धंदा करतात, चांगलं आहे, असा माझ्या मनात विचार आला. तो मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगतोय.

आत येऊन मी पुन्हा सोफ्यासमोर बसलो. खिडकीबाहेर खुडबुड ऐकू येत होती. दहा मिनिटं झाली असतील, आणि एकाएकी घर्रर्र करून कूलरचा पंखा फिरला. हॉलभर गार वारं सुटलं. मी समाधानानं डोळे मिटले.

“साहेब,” थोरले पाहुणे म्हणाले. त्यांच्या आवाजात धंद्याचा दुखावलेपणा होता. “आमी दोघं तर इथं बसून आहो. मंग कूलर कोण दुरुस्त करून राहिलं?”

मी डोळे उघडले. त्याच वेळी फाटकाचा आवाज झाला आणि काका-काकू लगबगीनं आत आले. काकूंची नजर सोफ्यावर गेली, ताटांवर गेली, माझ्यावर आली.

“हे कोणाले बसवलं, भाऊ?”

“पाहुणे!” मी म्हटलं. आवाज मात्र तोपर्यंत बारीक झाला होता.

“हे तर कूलरवाले होत!”

“मग मागे जे...”

काका धावत मागे गेले. सोफ्यावरचे दोघे ताट हातात धरून अर्धवट उठलेले, तोंडावर चिवडा, जमिनीत जावं असे चेहरे. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. पण त्या आधी त्यांच्याकडे वळल्या. “बसा जी,” म्हणाल्या. “ताटावरून उठू नका. तुमची काय चूक? चहा करते, तो घेऊनच जाजा.” आणि मग पदर सावरून मागच्या दाराकडे गेल्या.

वर्ध्याचे ते गृहस्थ अंगणातल्या नळावर हात धूत होते. पांढऱ्या शर्टावर गंजाचा लांब पट्टा उठला होता. काका हात जोडून काय काय बोलत होते. त्यांनी शांतपणे ऐकलं, रुमालानं हात पुसले.

“टुल्लूची वायर उघडी होती,” ते म्हणाले. “पाण्यात करंट उतरून राहिला होता. टेप लावली आहे, पण नवीन घ्या. कोणाले लागला असता.” मग पिशवी ओट्यावर ठेवली. “हे पोरीसाठी आणलं होतं. येतो.”

पाण्याचा घोटसुद्धा न घेता निघाले. फाटकाशी स्कूटी येऊन थांबली. मुलगी. गमबूट, बाहीला वाळलेला चिखल, केसांत काडी. तिनं त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला खरा, पण थांबले नाहीत. मुलगा गाडीत बसता बसता मागे वळून पाहत होता. गाडी वळली.

मी काय झालं ते सांगितलं. सगळं. बाजू मांडायची म्हणून शेवटी काकूंना म्हणालो, “पण तुम्हीच म्हणालात ना, येऊन राहिले!”

“येऊन राहिले म्हणजे येऊन राहिले!” काकू म्हणाल्या. याच्या पुढे त्या तरी काय समजावणार?

मुलगीच म्हणाली, “काका, येऊन राहिले म्हणजे येत आहेत. रस्त्यात आहेत.” मग तिनं माझी वही मागितली, तो नियम वाचला, आणि इतक्या दुःखातही तिला हसू आलं. ते हसू अर्ध्यावर मोडलं आणि ती आत निघून गेली. ते मला फार लागलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळची बस धरून मी वर्ध्याला गेलो. कोणाला विचारलं नाही. पत्ता मुलीनं कधीतरी बोलण्यात सांगितला होता. माझ्या डोक्यात प्रायश्चित्ताचा एक नाट्यमय बेत होता. ज्या माणसाला मी मागच्या दारानं पाठवलं, त्याच्या घरी मी मागच्या दारानं जाणार, आणि म्हणणार, मी याच लायकीचा आहे. बोळातून वळसा घेतला, एक पडकं फाटक ढकललं आणि निर्धारानं आत पाऊल टाकलं. ते पाऊल कुरडयांत पडलं. अंगणभर वाळवण घातलेलं होतं, आणि मी पहिलं पाऊल मागे घेण्याऐवजी दुसरंही पुढे टाकलं. एक बाई मुसळ घेऊन धावत आल्या.

“काय करून राहिले वं माय हे? कोण होय तू?”

“मी माफी मागायला आलोय!”

“आधी कुरडयांतून निघ!”

शेजारच्या भिंतीवरून एक डोकं वर आलं. कालचे गृहस्थ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कुरडयांकडे पाहिलं.

“वहिनी, माझे पाहुणे होत,” ते म्हणाले. आणि मला, “हे आमचं घर नव्हे जी. बाहेर जा, अन् समोरून या. आमच्या घरी सगळे समोरूनच येतात.”

समोरून गेलो. खुर्ची दिली, पाणी दिलं. मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, जाईना आणि बसेना. मी सगळं सांगितलं. प्रशिक्षण, वही, नियम, अडलेली म्हैस, बत्तीस वर्षांचा कूलर. मुलाचे खांदे हलायला लागले. वडील मात्र हसले नाहीत.

“मले तुमचा राग नाही आला,” ते म्हणाले. “मी वायरमन म्हणून लागलो. खांबावर चढलो, लोकांच्या घरी मीटर बसवले. तीस वर्षं कोणी मले पुढच्या दारातून घेतलं नाही. मागून या, पायपुसण्यावर उभे राहा, पाणी हवं तर नळ तिकडे आहे. पुढे साहेब झालो, रिटायर झालो. काल पोराच्या लग्नाचं बोलायले नवा शर्ट घालून गेलो. अन् तुम्ही म्हणालात, मागून जा, अन् माझे पाय वळले. मी सांगू शकत होतो ना, की मी पाहुणा होय? नाही सांगितलं. पाय आपोआप वळले. राग मले त्याचा आला.”

मला हसता येईना, मानही हलवता येईना. मी नुसता बसून राहिलो.

“तुम्ही तर इथले नाही,” ते म्हणाले. “पण मले वाटलं, घरचेच असे सांगून गेले असतील. कूलरवाल्याले मागून. अशा घराशी सोयरीक करून मी समोरून कसा जाऊ दर वेळी?” मग खुर्ची पुढे ओढली. “एक विचारू? आत जे बसले होते, थे कूलरवाले होत ना? ताई आल्यावर त्याईचं काय झालं? उठवलं?”

मी सांगितलं. मागून धाडा, असं काकू फोनवर म्हणाल्या होत्या, तेही लपवलं नाही. कूलर मागेच आहे, हेही सांगितलं. आणि मग त्या आत आल्या, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मागे तुम्ही होतात, तरी त्या आधी त्या दोघांना काय म्हणाल्या, ते शब्द जसेच्या तसे. ताटावरून उठू नका. तुमची काय चूक? चहा घेऊनच जाजा.

“दिला चहा?”

“दिला. तुम्ही गेल्यावर. कपात, त्याच सोफ्यावर. काका त्यांच्याजवळ बसले होते. कोणी बोलत नव्हतं, पण बसले होते.”

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. पलीकडे वहिनी कुरडया निवडून घेत होत्या, आणि माझ्याबद्दल काहीतरी बोलत होत्या, ते स्पष्ट ऐकू येत होतं.

“थ्या म्हशीचं काय झालं?” त्यांनी एकदम विचारलं. मला नव्हे, मुलाला.

“दोघंही वाचले, बाबा. रेडकू अन् म्हैस.”

“तुले कसं माहीत?”

मुलगा लाजला. “काल फोन केला होता. एवढंच विचारलं.”

वडिलांनी मान हलवली. उठले, आतून एक वाटी आणून माझ्या हातात दिली. चिवडाच होता. “खा. उपाशी निघाला असाल.” मी खाऊ लागलो. मग ते म्हणाले, “ताईंना सांगजा, पुढच्या रविवारी येतो. तारीख काढायलेच येतो. अन् पोरीले म्हणा, गमबुटातच राहिली तरी चालते, माझ्यासाठी घाईनं बदलायचे नाही.”

दारातल्या मुलानं भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

मी उठलो, हात जोडले. फाटकापर्यंत ते पोचवायला आले, समोरच्या.

“त्या दिवशी तुम्ही असाल ना घरी?”

“असेन की,” मी म्हटलं. “नक्की असेन.”

“असा,” ते म्हणाले, आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. “फक्त दार दुसऱ्या कोणाले उघडू द्या.”